वेगाचं चलान: पावती फाडण्याआधी काय तपासायचं

‘बाकीचे सगळे माझ्यापेक्षा जोरात होते, मग मलाच का अडवलं?’ रस्त्याच्या कडेला हे वाक्य रोज ऐकू येतं. ते खरंही असतं, पण त्याचा काडीचा उपयोग होत नाही. दुसऱ्याला बेकायदा सूट मिळाली म्हणून ती मलाही द्या, असा दावा घटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) खाली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. म्हणून सुरुवातीलाच दोन खाती वेगळी करा. तुमचं चलान लढवायचं असेल तर मर्यादा, मोजमाप आणि कागद या तीनच गोष्टींवर लढवा. कारवाई एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या गाड्यांवर होते, ही तक्रार वेगळ्या खिडकीतून आणि आकडेवारीनिशी न्या. दोन्ही एकाच अर्जात कोंबलं की दोन्ही हातची जातात.

मर्यादा नेमकी किती होती?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११२ मर्यादा ठरवतं आणि कलम १८३ ती मोडल्याचा दंड सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम आणि अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसनही अडकू शकतं, त्यामुळे पहिलं चलान ‘दोन हजारांचाच तर प्रश्न आहे’ म्हणून भरून टाकताना थोडा विचार करा.

कलम ११२ मधला एक बारकावा फार कमी लोक वाचतात. केंद्राने ठरवलेल्या कमाल वेगापेक्षा कमी मर्यादा राज्याला एखाद्या रस्त्यावर लावायची असेल, तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर फलकही हवा. दोन्ही हवं. एक महिन्यापर्यंतच्या तात्पुरत्या निर्बंधाला अधिसूचना लागत नाही, फलक मात्र लागतोच. पुलाच्या डागडुजीसाठी लावलेला ‘४०’ चा फलक काम संपून वर्ष झालं तरी तसाच उभा असतो. त्याच्या आधारावर चलान आलं असेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा: अधिसूचना दाखवा.

मर्यादा गाडीगणिक बदलते हेही विसरू नका. समृद्धी महामार्गावर कारला १२०, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १००, अवजड वाहनांना ८०, आणि घाटात सगळ्यांनाच बरीच कमी. चलानात ‘मर्यादा ८०’ लिहिलंय आणि तुमची कार आहे, तर गाडीचा वर्ग चुकीचा नोंदला गेलाय का ते बघा. उलटही होतं. मालवाहू पिकअपचा चालक स्वतःला कारवाला समजून ९५ ने जातो आणि चलान आलं की चक्रावतो. आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय, तोच धरला जातो.

फलकाचा पुरावा लगेच गोळा करा. त्याच दिशेने, त्याच लेनमधून, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून सहप्रवाशाला व्हिडिओ घ्यायला सांगा. फलक झाडामागे आहे की होर्डिंगआड, हे समोर उभं राहून काढलेल्या फोटोत कळत नाही.

यंत्र काय मोजतं आणि कुठे घसरतं

रडार गन डॉप्लर तत्त्वावर चालते, म्हणजे धावत्या गाडीवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता वेगाप्रमाणे बदलते. २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीत दर ताशी एक किलोमीटरमागे साधारण ४५ हर्ट्झ फरक पडतो, आणि यंत्र तेवढंच मोजतं. मोजण्यात ते सहसा चुकत नाही. चूक होते ती ‘कोणाचा वेग’ यात. रडारचा झोत टॉर्चसारखा पसरतो. झोताची रुंदी १२ अंश धरली तर १०० मीटरवर तो सुमारे २१ मीटर रुंद होतो, म्हणजे अख्खा रस्ता त्यात येतो. त्यात तुमची छोटी कार आणि मागून येणारा कंटेनर असे दोघेही असतील, तर जास्त परावर्तन मोठ्या पत्र्याचं. लेन वेगळी ओळखणारी नवी रडार यंत्रं हा घोळ बराच कमी करतात, हातातल्या साध्या गनमध्ये तो राहतो.

लेझर गनचं तसं नाही. तिचा झोत ३ मिलिरेडियनचा, म्हणजे दर मीटरला ३ मिलिमीटर पसरणारा असेल तर ३०० मीटरवर जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे गाडी अचूक निवडता येते. तिचा दोष वेगळा. हात हलला आणि झोत नंबरप्लेटवरून बॉनेटवर किंवा गाडीच्या बाजूने मागे सरकला, तर ते अंतरही गाडीच्या हालचालीत मोजलं जाऊ शकतं. चांगलं यंत्र असं वाचन स्वतःच नाकारतं. तरी गन स्टँडवर होती की हातात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कोनाचा मुद्दा बरेच जण उलटा मांडतात. यंत्र रस्त्याच्या कडेला, तिरक्या रेषेत असलं तर ते वेग कमी दाखवतं. २० अंशांच्या कोनात १०० चा वेग ९४ दिसतो, १० अंशांत साडेअठ्ठ्याण्णव. फायदा तुमचाच. ‘गन तिरकी धरली होती म्हणून वेग जास्त आला’ असं लिहून दिलंत, तर यंत्राची माहिती असलेला अधिकारी पुढची पानं वाचणारही नाही.

सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं गणित सर्वांत साधं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा आहे: दोन ठिकाणी नंबर टिपायचा आणि मधलं अंतर लागलेल्या वेळेने भागायचं. १० किलोमीटरला १०० च्या वेगाने ६ मिनिटं लागतात. तुम्ही ५ मिनिटं २० सेकंदांत पोहोचलात तर सरासरी ११२.५. इथे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत एक सेकंदाचा फरक असला तरी १० किलोमीटरवर चूक पाव टक्क्याच्या आसपास येते. हेच अंतर १ किलोमीटर असेल तर तोच एक सेकंद पावणेतीन टक्के खातो. म्हणून सरासरीचं चलान असेल तर आधी दोन बिंदूंमधलं अंतर बघा. लांब असेल तर वाद घालण्यात फारसा अर्थ नसतो.

तुमच्या डॅशबोर्डवरच्या काट्याचं काय? कारखान्यातून येणारा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवेल अशा बेताने लावलेला असतो, कमी दाखवणं त्याला मुभेत बसत नाही. म्हणून मीटरवर १०८ होते आणि गनवर १०४ आले, तर गन बरोबर आहे. मीटरवर ९८ आणि चलानावर ११८, तर मात्र काहीतरी नक्की चुकलंय. अपवाद एक: हौसेने मोठे टायर बसवले असतील. टायरचा व्यास ३ टक्क्यांनी वाढला की खरा वेगही ३ टक्क्यांनी वाढतो आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो.

आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर ९१ शिफारशीत रडारला रस्त्यावर १०० पर्यंत अधिक-उणे ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के इतकी चूक चालते. त्यामुळे १०० च्या मर्यादेत १०२ चं चलान असेल तर हरकतीला वजन आहे, १२० चं असेल तर या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

‘गाडी बाजूला घ्या’

इंडिकेटर द्या, पूर्ण कडेला घ्या, इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. द्रुतगती मार्गावर दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून हुज्जत घालू नका, मागून येणारा डंपर कोणाचीच बाजू घेत नाही.

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवावं लागतं, कलम १३०. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते, केंद्रीय नियमांत २०१८ पासून तशी स्पष्ट तरतूद आहे. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, तो नाकारला तर तक्रारीला जागा नाही. मूळ लायसन ताब्यात घेतलं तर कलम २०६ प्रमाणे पोच मिळालीच पाहिजे, त्या पोचेवर तुम्ही गाडी चालवू शकता. किल्ली काढून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. गाडी अडकवून ठेवण्याची कारणं कलम २०७ मध्ये दिलेली आहेत: लायसन, नोंदणी, परवाना यांच्याशी संबंधित. नुसत्या जास्त वेगासाठी गाडी जप्त होत नाही.

मग चार गोष्टी विचारा, शांतपणे, ‘साहेब’ म्हणून:

१. वेग किती आला आणि इथली मर्यादा किती?
२. वाचन कोणत्या यंत्रावर आहे, स्क्रीन बघू का?
३. फोटो आहे का, त्यात माझी गाडी एकटी आहे की आणखी कोणी?
४. चलान कोणत्या कलमाखाली करताय?

चौथा प्रश्न महत्त्वाचा. कलम १८३ म्हणजे जास्त वेग, फक्त दंड. कलम १८४ म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग, आणि त्यात कैदही आहे. बोलाचाली वाढली की १८३ चं १८४ होताना दिसतं. तेही वेग यंत्रावर कमी आणि आवाज जास्त असताना.

यंत्रच नसेल तर? कलम १८३(३) इथे कामाला येतं. ‘माझ्या अंदाजाने गाडी जोरात होती’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर दोषी ठरवता येत नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला असावा लागतो. हे रस्त्यावर तावातावाने ऐकवू नका. चलानावर ‘मान्य नाही’ असा शेरा लिहा, यंत्राची नोंद नाही हे वहीत टिपा आणि न्यायालयात मांडा.

‘किती द्यायचे बोला’ हा विषय कुणीही काढला तरी उत्तर एकच: पावती द्या. चिरीमिरी देणाराही गुन्हेगार ठरतो. मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. आणि अंगाला हात लावू नका, कॉलर तर दूरच. पूर्वी ज्याला ‘३५३ लागेल’ म्हणायचे, ते भारतीय न्याय संहितेत आता कलम १३२ आहे. दोन हजारांचं प्रकरण मग फौजदारी खटल्यावर जातं.

चलान मोबाइलवर आलं तर

आधी भरू नका. दंड भरला म्हणजे कलम २०० खाली तडजोड झाली आणि प्रकरण मिटलं, नंतर हरकत घेता येत नाही. मेसेजमधल्या लिंकवरही टिचकी मारू नका. बनावट चलानाचे मेसेज भरपूर फिरतात, अधिकृत ई-चलान संकेतस्थळ किंवा महाट्रॅफिक ॲप स्वतः उघडून गाडीचा नंबर टाका.

मग चलान ओळीओळीने वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला आणि तो तुमची मोजपट्टी आहे. कॅमेऱ्यावरून निघालेल्या चलानासोबत या गोष्टी हव्यात: गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेलं कलम, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र (पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ब, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३) आणि अधिकृत अधिकाऱ्याची सही. नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायचं, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ‘इथे निगराणी आहे’ असा फलक हवा. याशिवाय १ जुलै २०२५ पासून वेग मोजणारी रडार यंत्रं वैधमापन नियमांखाली आली आहेत, म्हणजे दुकानातल्या तराजूसारखी त्यांचीही पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं लागतं.

फोटो मोठा करून बघा. गाडीचा रंग, मॉडेल, काचेवरचा स्टिकर, छतावरचा कॅरियर. नंबर वाचणारं सॉफ्टवेअर ८ आणि बी, ० आणि डी यांत गफलत करतं, आणि मग सांगलीच्या स्कूटरला नाशिकच्या ट्रकचं चलान जातं. गाडी तुमच्यासारखीच पण तुमची नसेल, तर प्रकरण बनावट नंबरप्लेटचं आहे. हरकतीआधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, कारण त्या प्लेटवर उद्या काहीही घडू शकतं. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवायला फास्टॅगचं विवरण उत्तम, त्यात टोलनाक्याची वेळ असते. डॅशकॅम असेल तर कार्ड त्याच दिवशी काढून ठेवा, तो स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड करत राहतो.

एकाच गाडीचे वेळ नोंदवलेले दोन फोटो असतील, तर घरबसल्या पडताळणी होते. समजा चलान ११८ चं आहे आणि दोन फोटोंत अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे. ११८ म्हणजे सेकंदाला ३२.८ मीटर, तेव्हा गाडी १६.४ मीटर सरकायला हवी. आता फोटोतल्या लेनच्या पांढऱ्या पट्ट्या मोजा. एक पट्टी आणि तिच्यापुढची मोकळी जागा मिळून किती मीटर, हे उपग्रह नकाशावर अंतर मोजून काढा, टेप घेऊन महामार्गावर जाऊ नका. ते ९ मीटर निघालं आणि गाडी फोटोत एक अख्खा टप्पा आणि पुढचा एक तृतीयांश, म्हणजे १२ मीटर सरकलेली दिसली, तर वेग येतो सेकंदाला २४ मीटर, ताशी ८६. एवढी तफावत हरकतीसाठी सोनं आहे. पण या पद्धतीत एखाद्या मीटरची चूक सहज होते आणि १२ मीटरवर एक मीटर म्हणजे ८ टक्के, त्यामुळे १०४ आणि १०० चा वाद यावर लढवू नका.

गाडी तुमची पण चालवत दुसरा होता, तर कलम १३३ प्रमाणे चालकाची माहिती मालकाने द्यायची असते. कंपनीच्या, भाड्याच्या किंवा विकूनही नाव न बदललेल्या गाड्यांत इथेच घोटाळा होतो. बसचालक आणि माल पोहोचवणाऱ्यांसाठी आणखी एक: मर्यादा पाळून गाठताच येणार नाही अशी वेळ मालकाने लेखी ठरवून दिली असेल, तर कलम १८३(४) प्रमाणे ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. ते मेसेज पुसू नका.

हरकत अशी लिहा

ॲपमधल्या किंवा संकेतस्थळावरच्या तक्रार विभागात दाखल करा आणि चलानावरची मुदत पाळा. लांबलचक निबंध नको. नमुना:

‘चलान क्रमांक अमुक, दिनांक अमुक. हरकतीचे मुद्दे: (१) चलानात मर्यादा ८० दाखवली आहे, वाहन कार वर्गातील असून या टप्प्यावर कारची मर्यादा १०० आहे, आरसी आणि फलकाचा व्हिडिओ जोडला आहे. (२) फोटोत दोन वाहने एकाच दिशेने दिसतात, मोजमाप कोणत्या वाहनाचे हे स्पष्ट नाही. (३) यंत्राचे वैध मान्यता व पडताळणी प्रमाणपत्र मिळावे. चलान रद्द करावे.’

‘मी वीस वर्षं गाडी चालवतो’, ‘दवाखान्यात जायचं होतं’, ‘बाकीचे सोडले’ ही वाक्यं काढून टाका. हरकत फेटाळली तर प्रकरण न्यायालयात जाऊ द्यायचा पर्याय राहतो. लोकअदालतीची नोटीस आली तर तिथे तडजोड होते, गुन्हा झालाच नाही हे सिद्ध करण्याची ती जागा नाही. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मर्यादा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. जुनं चलान असेल तर तक्रार न्यायालयात कधी दाखल झाली ती तारीख बघा. ‘सहा महिने झाले, आपोआप रद्द’ असं मात्र समजू नका. पोर्टलवर ते दिसतच राहतं आणि गाडी विकताना आडवं येतं.

कारवाई एकतर्फी आहे, हे दाखवायचं तर

इथे ‘सगळे सांगतात’ चालत नाही, छेद हवा, म्हणजे एकूण किती गाड्यांपैकी हा आकडा. एखाद्या ठिकाणी १०० चलानांपैकी ७० बाहेरच्या जिल्ह्यांतल्या गाड्यांची निघाली, यावरून काहीच ठरत नाही. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या वेगवान गाड्यांत बाहेरच्या किती, हे कळेपर्यंत पक्षपात झाला असं म्हणता येत नाही. त्या ७० टक्केच असतील तर कारवाई समान आहे, ३० टक्के असतील तर प्रश्न खरा.

म्हणून आधी मोजणी. पादचारी पुलावरून मोबाइल स्थिर ठेवून तासाभराचं चित्रण करा. खाली १०० मीटर अंतरावरच्या दोन खुणा निवडा. ६० च्या मर्यादेत हे अंतर ६ सेकंदांत कापलं जातं, ५ सेकंदांत कापणारी गाडी ७२ ने आहे. डोळ्यांनी आणि स्टॉपवॉचने पाव सेकंदाची चूक होते, म्हणून ५ सेकंदांहून कमी वेळ लागलेल्याच गाड्या धरा, काठावरच्या सोडा. प्रकार, जिल्ह्याचा कोड आणि सरकारी की खासगी, एवढंच लिहा. तीन वेगवेगळ्या दिवशी, पोलीस नसताना. पोलीस उभे दिसले की सगळेच साळसूद होतात.

मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. ‘का’ विचारू नका, जन माहिती अधिकारी कारणं द्यायला बांधील नसतो, फक्त असलेली नोंद देतो. मागायचं ते असं: ‘अमुक ठिकाणी अमुक ते अमुक कालावधीत कलम १८३ खाली झालेल्या चलानांची वाहनप्रकार, नोंदणी जिल्हा आणि तासनिहाय संख्या, त्यांपैकी रद्द केलेली संख्या व नोंदवलेली कारणे, शासकीय वाहनांची संख्या.’ यंत्राची प्रमाणपत्रं आणि मर्यादेची अधिसूचना हवी असेल तर दुसरा अर्ज करा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

रद्द झालेल्या चलानांचा स्तंभ सर्वांत बोलका असतो. गाड्या अडवताना कोणाला सोडलं याची नोंद राहत नाही, कॅमेऱ्याने टिपलेलं चलान नंतर कोणासाठी रद्द झालं याची राहते. सरकारी गाड्यांचा आकडाही मागायला विसरू नका: कलम २१०ब प्रमाणे कायदा राबवणाऱ्या यंत्रणेनेच तो मोडला तर तिला दुप्पट दंड आहे. तो किती वेळा लावला गेला, हा एका ओळीचा तिसरा अर्ज.

तुमची मोजणी आणि त्यांचे आकडे एका पानावर शेजारी-शेजारी मांडा आणि ते पान वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे किंवा महामार्ग पोलिसांच्या अधीक्षकांकडे द्या. प्रत तुमच्या जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीला द्या, तिचे अध्यक्ष सहसा जिल्हाधिकारी असतात. मागणी ठोस ठेवा: उताराच्या पायथ्याचा सापळा शाळेसमोर हलवावा, झाडाआडचा फलक दोनशे मीटर मागे घ्यावा, अवजड वाहनांसाठी रात्रीची तपासणी सुरू करावी. आणि दोन्ही प्रतींवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.